785 पाठ करा

पूर आला की गावाकडे पहिली धावते ती बाटलीबंद पाण्याची गाडी. खोकी उतरतात, रांग लागते, फोटो निघतात, गाडी परत जाते. त्यात वाईट काही नाही. तहानलेल्या माणसाला त्या घटकेला पाणीच लागतं, आणि देणाऱ्याचे उपकार मानलेच पाहिजेत. माझा सवाल नवव्या दिवसाचा आहे. तोवर बाटल्या संपलेल्या असतात, टँकरच्या खेपा कमी झालेल्या असतात, नळयोजनेची मोटार गाळात रुतलेली असते. मग घरातली बाई कळशी घेऊन त्याच विहिरीवर जाते, जिच्यात आठ दिवसांपूर्वी गोठ्यातलं, उकिरड्यावरचं आणि शौचालयाच्या खड्ड्यातलं सगळं वाहून आलं. त्या दिवशी तिच्या हातात काय असतं?

बहुतेक गावांत काहीच नसतं. याचा मला संताप येतो. तिच्या हातात जे द्यायचं ते अतिशय स्वस्त आहे. त्यातलं बरंचसं इथे, महाराष्ट्रातच तयार झालं आहे. त्यावर पुस्तकं आहेत, परिपत्रकं आहेत, प्रशिक्षणाची हजेरीपत्रकंही आहेत. फक्त विहिरीच्या काठापर्यंत ते पोचत नाही.

राजूरचंच घ्या. जालन्याहून भोकरदनकडे जाताना लागणारं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे. या पट्ट्यावर आपत्ती दोन्ही बाजूंनी येते. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या आणि गावंच्या गावं टँकरवर जगली. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नेमकं उलटं घडलं. नद्या शिवारात घुसल्या, सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली सडला, मातीच वाहून गेली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खचलेल्या, गाळाने बुजलेल्या विहिरींसाठी प्रत्येकी 30,000 रुपये होते. म्हणजे विहिरीच्या दगडमातीची किंमत ठरली. आतलं पाणी पिण्याजोगं कसं करायचं, हे कोणी, कोणाला, किती गावांत शिकवलं? त्याचा रकाना मला कुठल्याही पंचनाम्यात दिसत नाही.

दुष्काळात पाणी नसतं, पण असतं तेवढं तरी चांगलं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी टँकर विहिरीत रिकामा होताना एकदा बघावा. कोरड्या विहिरीच्या तळात पाणी कोसळतं आणि तळाची घाण ढवळून वर येते. लगेच चारी बाजूंनी दोर पडतात. प्रत्येक पोहरा आधी काठावरच्या चिखलात टेकलेला असतो, प्रत्येक दोर पायांखालून ओढलेला असतो. पुराने जे होतं ते इथे अर्ध्या तासात होतं. म्हणून पाणी शुद्ध करण्याची विद्या ही केवळ पुराची विद्या नाही. आमच्याकडे ती मे महिन्यातही लागते आणि सप्टेंबरातही.

आता आजारांचं वेळापत्रक बघा, म्हणजे मदतीचं वेळापत्रक कुठे चुकतं ते कळेल. जुलाब-उलट्या दोन-चार दिवसांत सुरू होतात. विषमज्वराला आठवडा-दोन आठवडे लागतात. हेपटायटिस ई या विषाणूची कावीळ मात्र शरीरात शिरल्यापासून साधारण महिना-दीड महिन्याने दिसू लागते, आणि गरोदर बाईला ती जिवावर बेतते. म्हणजे पुराचं पाणी प्यालेल्या घरात कावीळ निघते तेव्हा मदतीच्या गाड्या परत जाऊन महिना उलटलेला असतो. त्या काविळीला पुराची म्हणून कोणी मोजत नाही.

दिल्लीत हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. 1955 च्या नोव्हेंबरात यमुनेने पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वजीराबादच्या उपसा केंद्राकडे उलटं चढलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं. पटकी-विषमज्वराची साथ त्यामुळे टळली. पण पाणी इतकं घाण होतं की विषाणू त्यातून निसटला. डिसेंबर आणि जानेवारीत सुमारे 29,300 लोकांना कावीळ झाली. राजधानीतल्या प्रशिक्षित अभियंत्यांच्या हातून हे झालं. गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून मोकळं होता येत नाही, हा त्यातला धडा. 70 वर्षं झाली, तरी आजही पूर ओसरला की गढूळ विहिरीत मूठभर पावडर भिरकावून रजिस्टरवर सही होते.

हे बदलत नाही असं कोणी म्हणू नये. या भागाने एक रोग मुख्यतः माहितीच्या जोरावर घालवलेला आहे: नारू.

साठीच्या पुढच्या माणसांना विचारा. पायाला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटून त्यातून दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा आणि काडीवर गुंडाळत गुंडाळत कित्येक दिवस तो ओढावा लागायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर माणूस खाटेला खिळायचा. मराठवाड्यात पायऱ्यांच्या बारवा पुष्कळ, आणि नारूचा मुक्काम तिथेच. माणूस पाण्यात पाय घालून घागर भरायचा, जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात उतरायच्या, पाण्यातला बारीक सायक्लॉप्स त्या गिळायचा, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात पुढच्या वर्षीचा नारू वाढायला लागायचा. या रोगावर लस नव्हती, आणि किडा मारणारं औषधही नव्हतं.

1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र त्यातल्या बाधित राज्यांपैकी एक होता. हत्यारं कोणती होती? दुपदरी फडकं. पायऱ्या बंद करून बारवेची ओढविहीर करणं. हातपंप. सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस. आणि दारोदार फिरून एकच गोष्ट शंभर वेळा सांगणारा आरोग्य कर्मचारी. देशातला शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवलं. एक रोग देशातून कायमचा गेला आणि त्यात महागडं असं काहीच नव्हतं. हातपंपाला पैसा लागला हे खरं, पण फडकं घरचं होतं. ते का बांधायचं, कुठल्या बाजूने बांधायचं आणि उलटं का वापरायचं नाही, एवढं प्रत्येक घराला कळलं होतं. हे कळवण्यावर सरकारने माणसं लावली, वेळ दिला, आणि शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत पिच्छा सोडला नाही.

असाच अनुभव बांगलादेशातल्या मतलब भागाचा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 65 गावांत, सुमारे 1,33,000 लोकांमध्ये पाहणी केली. बायकांना सांगितलं ते इतकंच: जुन्या साडीची किमान चार पदरी घडी घागरीच्या तोंडाला बांधा आणि पाणी गाळा. जुनीच साडी घ्यायची, कारण धुऊन धुऊन धागा फुगतो आणि छिद्रं बारीक होतात. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतात, ते जीव फडक्यात अडकतात. 2003 साली निष्कर्ष छापून आला: पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती नंतरची पाहणी. पाच वर्षांनी संशोधक परत गेले. कोणी सांगायला येत नसतानाही सुमारे 31 टक्के बायका पाणी गाळत होत्या, आणि शेजारपाजारी गाळत असतील तर न गाळणाऱ्या घरातही पटकी कमी आढळत होती. शिकवलेलं शेजारी झिरपतं, ते असं.

साडीने विषाणू मरत नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवं. कावीळ तिला रोखता येत नाही. फडकं ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी क्लोरीनची.

तर आता 785. जिल्ह्यातल्या प्रत्येक सातवीच्या मुलाला हा आकडा पाठ असावा, इतका तो कामाचा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने गुणा. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते कळतं. आपल्याकडे विहीर फुटांत मोजतात, म्हणून दुसरा आकडा: फुटांत माप घेतलं तर 785 च्या जागी 22. वीस फूट व्यासाची विहीर आणि दहा फूट पाणी: 20 गुणिले 20 म्हणजे 400, गुणिले 10 म्हणजे 4,000, गुणिले 22 म्हणजे 88,000 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल या हिशेबाने 440 ग्रॅम पावडर. अर्धा किलोसुद्धा नाही. आख्ख्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अर्ध्या किलोच्या आत बसतो.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात गोणी असते तीच. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असतं. गोणीचं तोंड उघडं राहिलं, दमट हवा लागली, की ते उडून जातं आणि मागे चुना उरतो. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यात टाकणं म्हणजे विहिरीला चुना लावणं. गावातल्या किती गोण्या हवाबंद डब्यात, सावलीत, कोरड्या जागी ठेवल्या आहेत हे सरपंचांनी आज उठून बघावं. बघायला एक मिनिट लागतं.

टाकायची रीतही आहे. बादलीत एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची. खालचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, बाहेर टाकायचा. नंतर एक तास कोणीही पाणी शेंदायचं नाही. म्हणून हे काम रात्री, पाणी भरणं आटोपल्यावर करावं. पहाटेपर्यंत पाणी तयार असतं. पुरानंतर पहिल्यांदा गाळ आणि गढूळ पाणी उपसायचं, पण एका दमात विहीर कोरडी करायची नाही. फुगलेल्या मातीत कच्ची विहीर ढासळते. पुराची विहीर साफ करायला कोणी लगेच आत उतरू नये. आत हवा कोंडलेली असते आणि माणसं त्याने गेली आहेत. पाणी उपशानंतरही गढूळ राहिलं तर मात्रा दुप्पट करावी, आणि घरी आणल्यावर तुरटी फिरवून, निवळून, गाळून मग त्यात क्लोरीन घालावं. दिल्लीला जे साधलं नाही ते या क्रमाने साधतं.

जमलं की नाही हे कळायचा उपायही शीशीत मावतो. ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. तासाभराने काढलेल्या पाण्यात त्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग चढला नाही तर पुन्हा मात्रा द्यायची. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं, प्यायचं नाही. नळाच्या पाण्याला ही तपासणी शेवटच्या घरी करायची, टाकीखालच्या पहिल्या घरी नव्हे. पुरानंतर नळ फुटलेले असतात, वीज गेली की नळातला दाब जातो आणि गटारातलं पाणी आत ओढलं जातं. टाकीवर पिवळं दिसलेलं पाणी वस्तीच्या टोकाला पोचेपर्यंत पांढरं होतं.

"पाण्याला वास येतो, आम्ही नाही पीत," ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते. आशाताई, मावशींना एवढंच समजवा की तो वास आला म्हणजे पाण्यात अजून राखण शिल्लक आहे. माठाला फडकं लावून तासभर ठेवलं की वास कमी होतो. आपण लोकांना वासाबद्दल काही सांगितलं नाही, म्हणून त्यांनी पावडरच नाकारली.

घरातलं सांगायचं तर त्याहून थोडकं आहे. आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या मेडिक्लोरच्या बाटलीवर थेंबांचं प्रमाण छापलेलं असतं. ते मोजून घालायचं आणि अर्धा तास थांबायचं. क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी 20 लिटरला पुरते. उकळायचं तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. वीस मिनिटं उकळा असं अजून जागोजागी सांगितलं जातं. पुरात सरपण भिजलेलं, सिलिंडर वाहून गेलेला, आणि आपण बाईला वीस मिनिटं चूल पेटती ठेवायला सांगतो. ती एक दिवस करते, दुसऱ्या दिवशी सोडते. तिच्या हातून होईल तेच सांगा. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून पत्र्यावर सहा तास उन्हात ठेवण्याची रीतही चांगली आहे. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. आमच्या मे महिन्याला ती फार उपयोगी, सप्टेंबरच्या झडीत तिच्यावर विसंबू नये. आणि शुद्ध केलेलं पाणी ओगराळ्याने काढा किंवा तोटीच्या पिंपात ठेवा. हंड्यात बुडालेला एक हात सगळी मेहनत धुऊन टाकतो.

पावडरीचा भाव काढा. किलोभर टीसीएल दोन-चार पाण्याच्या बाटल्यांच्या किमतीत येते, आणि हजार लिटरला 5 ग्रॅम या मापाने ती दोन लाख लिटरला पुरते. पुराची दुप्पट मात्रा धरली तरी एक लाख लिटर. ट्रक भरून बाटल्या पाठवणाऱ्या दात्यांनी प्रत्येक ट्रकमागे दोन हवाबंद डबे टीसीएल, ओटीची शीशी आणि मोजमाप करून दाखवणारा एक माणूस पाठवावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. माणूस जरूर पाठवा. डबा एकटा पाठवला तर तो कोपऱ्यातल्या गोणीशेजारी जाऊन बसेल.

नागपूरच्या नीरी या संस्थेने यापुढची एक सोय कधीची करून ठेवली आहे. दोन मडक्यांचं यंत्र. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओली करून लहान मडक्यात भरायची. मडक्याच्या अंगाला सेंटिमीटरभराचं भोक. ते मडकं दुसऱ्या मोठ्या, तसंच भोक असलेल्या मडक्यात ठेवायचं, मोठ्याचं तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि दोराने पाण्याच्या पातळीखाली निदान मीटरभर सोडायचं. भोकातून क्लोरीन हळूहळू झिरपत राहतं. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीला दोन ते तीन आठवडे पुन्हा बघावं लागत नाही. कुंभाराकडची दोन मडकी, नदीची वाळू आणि पंचायतीची पावडर. विदर्भात बसून शास्त्रज्ञांनी हे केलं आणि आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापलंही गेलं. वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं ते परीक्षेसाठी पाठ करतात. विहिरीत ते सोडणाऱ्या हातांना ते कोण शिकवतं? पुण्याच्या टाटा रिसर्च केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचा सुजल नावाचा गाळक तयार झाला, 2004 च्या त्सुनामीनंतर तो आपत्तिग्रस्तांना वाटला गेला, पुढे 2009 मध्ये त्याच वाटेने टाटा स्वच्छ बाजारात आलं. बुद्धीची आपल्याकडे कमी नाही. पुणे-नागपूर ते राजूर हा शेवटचा टप्पा कोणी आपला मानत नाही, दुखणं तिथे आहे.

थंड पाण्याच्या जारबद्दलही बोलायला हवं, कारण आपत्तीत गावं सर्रास त्याच्याकडे वळतात. जारमधलं पाणी गार असतं, एवढंच डोळ्यांना आणि जिभेला कळतं. ते कशातून आलं, जार कधी धुतला, त्यात क्लोरीन आहे का, याचं उत्तर विकणाऱ्याकडे मागा. ओटीचे दोन थेंब त्यातही टाकून बघा. आणि आरओ यंत्र विजेवर चालतं. पूर आला की पहिली जाते ती वीज.

क्लोरीनच्या मर्यादा लपवून चालणार नाही. कापूस-सोयाबीनच्या शिवारातून वाहून आलेलं पाणी नुसतं मातकट नसतं, त्यात फवारणीची औषधंही असतात. ती पावडरीने जात नाहीत, उकळूनही जात नाहीत. नायट्रेट, फ्लोराइड, खारेपणा यांनाही क्लोरीन लागू पडत नाही. कीटकनाशकाचा डबा वाहून विहिरीत पडला असेल, तवंग किंवा औषधाचा वास असेल, तर ती विहीर पिण्यासाठी बंद करायची आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दुसरा स्रोत धरायचा. हेही शिकवण्यातच येतं. अर्धवट शिकवलेला माणूस क्लोरीन टाकून निर्धास्त होतो.

मग हे काम नेमकं कोणाचं? कागदावर ते जलसुरक्षकाचं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक असतो. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्ञान एका माणसाकडे ठेवणं हाच धोका आहे. तो आजारी पडला, पुरात अडकला, काम सोडून गेला, की गावाचं पाणी बेवारस. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीची पेटी वापरायला शिकवायचं ठरलं. ही कल्पना फार चांगली. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. नावं कळली तर त्यांना खुर्ची द्या आणि पेटी उघडून दाखवायला सांगा. पेटीतली रसायनं मुदतीत आहेत का तेही बघा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये एक बाटली-चाचणी दिली: चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याचा संशय धरायचा. वाचता न येणाऱ्या आजीलाही ती कळते. शाळेच्या खिडकीत दहा स्रोतांच्या दहा बाटल्या मांडा, गाव आपोआप जमेल. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवरून आरोग्य खातं ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतं. ते कार्ड फाईलमधून काढून विहिरीच्या कठड्यावर रंगवा.

आणि शिकवायला जागा नाही असं राजूरने तरी म्हणू नये. संकष्टीला इथे पंचक्रोशीतून माणसं येतात. अंगारकीला लाखांनी येतात. जालन्याहून रात्रभर पायी चालत येतात, आणि वाटेवर लोक त्यांना चहा, फराळ, पाणी देतात. इतकी गावं एकाच दिवशी एका टेकडीच्या पायथ्याशी सरकारच्या कुठल्या योजनेने कधी आणली आहेत का? पाणी वाटणाऱ्या त्या मंडपांतल्या फक्त एका मंडपात दोन पिंपं, एक बादली, टीसीएलचा डबा, ओटीची शीशी आणि समजावून सांगणाऱ्या दोन ताया उभ्या करा. दर्शनाच्या रांगेतल्या माणसाला आपल्या हाताने थेंब टाकू द्या, पिवळा रंग बघू द्या. जाताना हातात एक कागद द्या, ज्यावर 785 आणि 22 हे दोन आकडे आणि शंभर ग्रॅमची रीत छापली आहे. देवस्थानने, ग्रामपंचायतीने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने मिळून हे एका चतुर्थीला करून बघावं. मंडप आहेच, पिंपं आहेत, गर्दी तर आहेच आहे. आठवडी बाजारातही हेच करता येईल, तिथे तर दर आठवड्याला तीच माणसं भेटतात आणि मागच्या वेळी सांगितलेलं जमलं का, हे विचारता येतं.

या जिल्ह्याला अशा शिकण्याची सवय आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विजयअण्णा बोराडे यांनी शेतकऱ्यांचं दर महिन्याचं चर्चासत्र रुजवलं. कडवंचीत पाणलोटाची कामं झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षं उभी राहिली. ती बघायला बाहेरून शेतकरी आले, बांधावर बसून ऐकून गेले आणि आपल्या रानात करून बघू लागले. शेतीचं ज्ञान बांधावरून बांधावर जातं, मग पिण्याच्या पाण्याचं ज्ञान दारावरून दारावर का जाऊ नये? शेततळ्यात किती लिटर पाणी मावतं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला विहिरीला किती ग्रॅम पावडर लागते हे अवघड नाही. त्याला ते कोणी सांगितलं नाही, एवढंच.

1 मेची ग्रामसभा पावसाच्या आधी येते. त्या सभेत पुढल्या चार गोष्टी व्हायला हव्यात. पिण्याच्या प्रत्येक विहिरीचा व्यास मोजून कठड्यावर रंगवावा आणि आत खोलीच्या खुणा माराव्यात, म्हणजे पुराच्या धांदलीत टेप शोधावी लागणार नाही. त्या खुणांप्रमाणे किती ग्रॅम पावडर, तेही शेजारीच लिहावं. प्रत्येक वस्तीतल्या दोघींनी सगळ्यांसमोर लगदा कालवून, ओटी करून दाखवावी. आणि गोदामातली गोणी सभेत आणून तिच्यावरची तारीख वाचावी; जुनी असेल तर नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा आणि नवी पावडर हवाबंद डब्यात भरून पहिल्या पावसाच्या आत वस्त्यावस्त्यांत पोचवावी.